हुबेहूब चित्र म्हणजे खरे चित्र का? शिवछत्रपतींच्या दोन चित्रांवरून पडलेला प्रश्न

करवीर_शिक्षक

मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. शिवजयंतीच्या निमित्ताने शाळेत एक लहानसे प्रदर्शन मांडायचे आहे आणि त्यात शिवछत्रपतींची दोन चित्रे शेजारीशेजारी लावण्याचा माझा विचार आहे. पहिले चित्र सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याच्या परिसरात तयार झालेल्या आणि डच लोकांबरोबर युरोपात गेलेल्या लघुचित्रांपैकी. चेहरा पूर्णपणे एका बाजूने दाखवलेला, नाकाची धारदार रेषा, टोकदार दाढी, डोक्याला पागोटे आणि सावलीचा जवळजवळ अभाव. दुसरे आपल्या कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी रंगवलेले, शासनाने मान्यता दिलेले आणि कचेरीपासून शाळेपर्यंत सर्वत्र दिसणारे.

नववीच्या वर्गाला दोन्हींच्या प्रती दाखवून यांतले खरे चित्र कोणते असे विचारले, तेव्हा बहुतेक सर्व मुलांनी दुसऱ्या चित्राकडे बोट दाखवले. एका मुलीने कारणही नेमके दिले. त्या चित्रात महाराज माणसासारखे दिसतात आणि पहिल्यात चित्रासारखे दिसतात, असे ती म्हणाली. मला तिचे उत्तर फार महत्त्वाचे वाटले. इतिहासाच्या बाजूने पाहिले तर क्रम उलटा लागतो, कारण पहिले चित्र महाराजांच्या काळाला लागून आहे आणि दुसरे जवळपास तीनशे वर्षांनंतरचे आहे. तरीही मुलांच्या डोळ्यांना जे जाणवते त्याला निव्वळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

थोडे वाचन केल्यावर दोन टोकांची मते समोर आली. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली असे मांडले की वास्तवदर्शी वाटणे हा मुख्यतः सवयीचा भाग आहे; ज्या चित्रपद्धतीत आपण वाढलो तीच आपल्याला जशीच्या तशी भासते. याउलट अनेक चित्रकार आणि मानसशास्त्रज्ञ म्हणतात की यथादर्शन, म्हणजे दूरच्या वस्तू लहान होत गेलेल्या दाखवून खोली भासवणे, आणि छायाप्रकाश यांचा संबंध डोळ्याच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी आहे आणि तो कोणाच्या सवयीवर अवलंबून नाही. माझा प्रश्न असा आहे: त्या मुलीला दुसरे चित्र खरे वाटले ते कॅलेंडरे, सिनेमा आणि छायाचित्रे पाहून घडलेल्या सवयीमुळे, की त्या चित्रात खरोखरच दृष्टीला धरून असे काही अधिक आहे? आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मी त्या अधिक असण्याला किती किंमत द्यावी?

रंगपेटी

सर, मी अनेक वर्षे कोल्हापुरात चित्रकला शिकवली. गुडमन यांचे मत मला अर्धेच मान्य आहे, आणि ते अर्धे कोणते हे पंचगंगेच्या घाटावर मुलांना रेखाटनाला बसवले की स्पष्ट दिसते.

विद्यार्थी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर, पाण्याजवळ बसतो आणि वर चढत गेलेल्या पायऱ्या काढू लागतो. प्रत्येक पायरीला एक उभा भाग असतो आणि पाऊल ठेवायचा एक सपाट भाग असतो. विद्यार्थ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो अगदी वरच्या पायरीपर्यंत दोन्ही भाग काढत जातो. परंतु त्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा ज्या पायऱ्या उंच आहेत त्यांचा सपाट भाग त्याला दिसतच नसतो. तिथे फक्त उभ्या दगडांच्या पट्ट्या एकावर एक दिसतात. मी त्याला हात पूर्ण ताणून पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरायला सांगतो आणि विचारतो, या पेन्सिलीच्या वरच्या एखाद्या पायरीवर ठेवलेला तांब्या तुला बुडापासून दिसतो का? तो पाहतो, आणि तांब्याचे बूड कडेआड गेलेले असते. त्यानंतर त्याचे रेखाटन बदलते. या बदलात सवयीचा भाग कुठे आहे? दगड अपारदर्शक असतो आणि प्रकाश सरळ रेषेत येतो, या दोन गोष्टी कोल्हापुरात जशा आहेत तशाच फ्लॉरेन्समध्ये आहेत. तिथे लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी १४३५ साली यथादर्शनाचे नियम लिहून काढले ते याच दोन गोष्टींच्या आधारावर.

आता मान्य असलेले अर्धे सांगतो. पेन्सिल धरण्याआधी त्या मुलाने काढलेली पायरी चुकीची होती असे मी कधी म्हणत नाही. त्याने घाटाविषयीची खरी माहितीच कागदावर उतरवली होती. फक्त ती एका जागेवरून दिसणारी नव्हती. आपल्या जुन्या लघुचित्रांत तलाव वरून पाहिल्यासारखा, त्यातली कमळे समोरून पाहिल्यासारखी आणि काठावरची माणसे बाजूने पाहिल्यासारखी असतात. तो चित्रकार प्रत्येक वस्तूला ती जिथून सर्वांत चांगली ओळखू येते तिथून पाहतो. चेहऱ्याच्या बाबतीत ती जागा म्हणजे बाजू, कारण नाकाचा उंचवटा, कपाळाचा उतार आणि हनुवटी हे सारे एका रेषेत येते. म्हणून एकचष्म, म्हणजे एकच डोळा दिसेल अशा चेहऱ्याची पद्धत मोगल आणि दख्खनी दरबारांत रुजली. तिला कच्ची समजणे हा त्या चित्रकारांवर अन्याय आहे.

कलेचे इतिहासकार एर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी १९६० साली जे मांडले ते मला शिक्षक म्हणून सर्वांत उपयोगी वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार कोणताही चित्रकार कोऱ्या डोळ्यांनी सुरुवात करत नाही. त्याच्या हाताशी आधीचा एक साचा असतो, तो साचा तो कागदावर ठेवतो, समोरच्या वस्तूशी ताडून पाहतो आणि दुरुस्त करत जातो. साचा परंपरेतून येतो, दुरुस्ती मात्र पाहण्यातून येते. घाटावरचा मुलगा नेमके हेच करत होता.

या संदर्भात आबालाल रहिमान यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतले आणि कोल्हापुरात परतल्यावर राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाखाली कोटीतीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर ते आयुष्यभर रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांच्या निसर्गचित्रांजवळ जाऊन पाहिले तर ज्याला आपण पाणी म्हणत होतो तिथे निळा रंग फारसा सापडत नाही. तिथे करडे, मातकट, फिकट हिरवे असे तुटक ठिपके आणि फटकारे असतात. दोन पावले मागे सरकले की त्याच ठिपक्यांचे पाणी होते आणि त्यावर सकाळचा ओलसर उजेड दिसू लागतो. पाणी निळे असते ही आपली माहिती, आणि काठावरच्या झाडांचे प्रतिबिंब पडलेले पाणी तसे नसते हे आपले दर्शन. आबालालांनी माहिती बाजूला ठेवून दर्शन धरले, आणि ते कमावण्यासाठी आयुष्य वेचले. जे सवयीने आपोआप मिळते त्यासाठी इतकी साधना लागली नसती.

सवयीच्या मताविरुद्ध एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. हॉकबर्ग आणि ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने स्वतःच्या मुलाला जवळजवळ दीड वर्षाचा होईपर्यंत चित्रांपासून शक्य तितके दूर ठेवले होते आणि कोणत्याही चित्राचे नाव त्याला शिकवले नव्हते. नंतर त्याला ओळखीच्या वस्तूंची रेखाचित्रे आणि छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्याने ती ओळखली. हा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. एका मुलावरून सगळा वाद मिटत नाही हे खरे, तरी चित्र ओळखणे हे भाषेसारखे एकेक शब्द घोकून शिकावे लागते, या कल्पनेला त्यामुळे चांगलाच धक्का बसतो. लक्षात घ्या, नुसत्या रेषांची चित्रेही त्या मुलाने ओळखली. म्हणजे गोवळकोंड्याचे लघुचित्रही आपल्या डोळ्यांना तितकेच थेट वाचता येते.

मग तुमच्या विद्यार्थिनीला फरक का जाणवला? माझे उत्तर असे की तिला दुसऱ्या चित्रात महाराज एका विशिष्ट उजेडात, तिच्यासमोर, तिच्याच वेळेत असल्यासारखे जाणवले. ही जवळीक छायाप्रकाशाने निर्माण होते आणि ती खरी आहे. परंतु जवळीक वाटणे वेगळे आणि तो चेहरा तसाच होता हे ठरणे वेगळे.

तर्कवाट

रंगपेटी सरांनी शेवटी जो भेद केला त्यावर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी अत्यंत बारकाईने विचार झाला आहे, आणि तोही चित्राचेच उदाहरण घेऊन. रसचर्चेतला, म्हणजे नाटक-काव्याच्या आस्वादाविषयीच्या चर्चेतला, चित्रतुरगन्याय (चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त) अनेकांना नावाने परिचित असेल. शंकुक या जुन्या काव्यशास्त्रज्ञाचे हे मत काश्मिरी विचारवंत अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिलेल्या भाष्यात आलेले आहे.

रंगभूमीवर रामाची भूमिका करणाऱ्या नटाला पाहताना प्रेक्षकाला जे ज्ञान होते ते कोणत्या प्रकारचे, असा शंकुकाचा प्रश्न आहे. तो चार पर्याय तपासतो. ‘हा रामच आहे’ असे यथार्थ ज्ञान ते नव्हे. ‘हा राम आहे’ असे वाटून नंतर ‘हा राम नव्हे’ असा बाध व्हावा, तसे मिथ्या ज्ञानही ते नव्हे. ‘हा राम असेल किंवा नसेल’ असा संशय नव्हे, आणि ‘हा रामासारखा आहे’ असे सादृश्याचे ज्ञानही नव्हे. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो तेव्हा जशी प्रतीती येते, तशी ही पाचवीच, वेगळ्या जातीची प्रतीती आहे, असे तो सांगतो.

मला यातला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे खऱ्याखोट्याचा प्रश्न इथे तात्पुरता थांबवलेला आहे. चित्रातला घोडा पाहताना आपण फसलेले नसतो, कारण त्याच्यावर बसायला कोणी जात नाही; आणि आपण केवळ तुलनाही करत नसतो, कारण आधी रंग पाहिले, मग घोडा आठवला, मग दोहोंत साम्य शोधले, असा क्रम मनात घडत नाही. घोडा थेट दिसतो, आणि तो रंगवलेला आहे हेही त्याच क्षणी माहीत असते. रिचर्ड वोलहाइम या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी विसाव्या शतकात चित्रदर्शनाचे विवेचन करताना याच्या अगदी जवळ जाणारे मत मांडले: चित्र पाहताना पृष्ठभाग आणि त्यात दिसणारी वस्तू यांचे भान एकाच अनुभवाच्या दोन बाजू म्हणून असते. दोघांचे प्रश्न भिन्न आहेत, शंकुकाला रसाची उपपत्ती हवी होती आणि वोलहाइम यांना चित्राची. तरी निरीक्षण एकाच ठिकाणी येऊन पोहोचते.

शंकुकाचे मत निर्विवाद मात्र राहिले नाही. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी त्यावर घेतलेला आक्षेप तुमच्या प्रश्नाला अधिक उपयोगी आहे. त्यांचे उदाहरण गायीचे आहे. शेंदरासारख्या रंगांनी गाय काढली, तर त्या रंगांतून खरी गाय प्रकट होते काय? अंधारात ठेवलेली वस्तू दिव्याने दिसू लागते, तशी गाय रंगांमुळे दिसू लागत नाही, कारण गाय तिथे नव्हतीच. तिथे आहे ती रंगांची अशी एक मांडणी, जी गायीच्या अवयवांच्या मांडणीसारखी आहे. म्हणून ‘हे गायीसारखे’ एवढेच ज्ञान तिथे होऊ शकते, असे भट्टतौत म्हणतात.

आता हा आक्षेप महाराजांच्या चित्राला लावून पाहा. गायीसारखे आहे असे म्हणायला मी आधी गायी पाहिलेल्या असतात. महाराजांना आपल्यापैकी कोणीही पाहिलेले नाही. म्हणजे ‘महाराजांसारखे’ असे आपण म्हणतो तेव्हा तुलनेची दुसरी बाजू आपल्यापाशी नसते. आपण ज्याच्याशी तुलना करतो ती बाजू आधी पाहिलेल्या चित्रांतूनच तयार झालेली असते. सादृश्य ताडून पाहण्याची सोय फक्त त्या चित्रकाराला होती, जर त्याने महाराजांना प्रत्यक्ष पाहिले असेल तर. त्यामुळे नववीतल्या मुलीला दुसऱ्या चित्रात जे जाणवले ते ‘माणूस’ या जातीशी असलेले सादृश्य आहे; ‘ही व्यक्ती’ या विशेषाशी असलेले नव्हे. माणसासारखे दिसतात, हे तिचे शब्द विलक्षण अचूक आहेत. तिने व्यक्तीविषयी काहीच विधान केले नाही.

गुडमन यांच्याविषयी एवढेच म्हणेन की सवयीचा मुद्दा पहिल्या सादृश्याला, म्हणजे माणसासारखे दिसण्याला, फारसा लागू पडत नाही आणि दुसऱ्याला पुष्कळ लागू पडतो. महाराज म्हटल्यावर कोणता चेहरा डोळ्यांसमोर येतो, हे पूर्णपणे आपण काय पाहत वाढलो यावर ठरते.

जुना_कॅमेरा

छायाचित्राचा उल्लेख वर ओझरता आला आहे, म्हणून थोडी भर घालतो. छायाचित्र हेच वास्तवाचे शेवटचे माप, असे आपण गृहीत धरतो, परंतु तेही तितके सरळ नाही.

तेओदोर जेरिको यांनी १८२१ साली एप्सम येथील शर्यतीचे चित्र रंगवले, त्यात धावणाऱ्या घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले असून चारही पाय जमिनीपासून सुटलेले आहेत. शतकानुशतके घोडा असाच धावताना काढला जात होता आणि तो सर्वांना वास्तव वाटत होता. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून दौडणाऱ्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चारही पाय अधांतरी असण्याचा क्षण सापडला, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले होते. म्हणजे चित्रकारांचा घोडा वस्तुस्थितीला धरून नव्हता. तरीही रोदँ या शिल्पकारांनी जेरिकोची बाजू घेतली, कारण आपण धाव पाहतो तेव्हा गोठलेला क्षण पाहत नाही. चित्रातला घोडा धावतो आणि छायाचित्रातला थांबलेला दिसतो. शास्त्रासाठी मायब्रिज आणि वेगाच्या अनुभवासाठी जेरिको, असे मला वाटते. एकाच्या कसोटीवर दुसऱ्याला नापास करण्यात काही अर्थ नाही.

कोल्हापूरकरांना हे नवे नसावे. बाबूराव पेंटर यांनी आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि मग सिनेमा काढला. रंगवलेल्या पडद्यावरचा रस्ता किंवा महालाची दालने प्रेक्षागृहाच्या मध्यभागी बसलेल्याला खोलवर गेलेली दिसतात आणि कडेच्या खुर्चीवरून तेच खांब तिरके वाटतात. कोणासाठी आणि कोणत्या जागेवरून, हे ठरवल्याशिवाय पडद्यावर एकही रेषा काढता येत नसे. हाच माणूस १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणतो, आणि त्या चित्रपटाची गणना भारतीय वास्तवदर्शी सिनेमाच्या आरंभात होते.

करवीर_शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. ‘माणसासारखे’ आणि ‘या व्यक्तीसारखे’ हा भेद वर्गात लगेच मांडता येईल. घाटावरचा पायऱ्यांचा अभ्यासही मी आमच्या चित्रकलेच्या बाईंना सुचवणार आहे.

माझा दुसरा प्रश्न मात्र अजून उरला आहे. जी साक्ष लघुचित्राकडे आहे असे आपण मानतो, ती कशावरून मानतो? ते जुने आहे म्हणून? जुने चित्रही कल्पनेने काढलेले असू शकते. आणि त्याच्या साधेपणामुळे ते आपल्याला अधिक प्रामाणिक वाटते आहे का? तसे असेल, तर मुलांना दुसरे चित्र खरे वाटणे आणि मला पहिले खरे वाटणे या दोन्हींत फारसा फरक राहत नाही. दोघेही चित्राच्या रूपावरूनच निर्णय देत आहोत.

दफ्तरखाना

आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. चित्र साक्ष देते की नाही, हे चित्राच्या रूपावरून कधीच ठरत नाही. ते कोणाच्या हातून, कोणासाठी, कोणत्या नमुन्यावरून आणि कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आले यावरून ठरते. कागदपत्रांना आपण जी शिस्त लावतो तीच चित्रांना लावावी लागते.

गोवळकोंड्याच्या लघुचित्रांविषयी जमेच्या बाजूला काय आहे ते पाहा. महाराज १६७७ साली भागानगरला (आजच्या हैदराबादला) गेले होते आणि कुतुबशहा अबुल हसन यांच्याशी त्यांची भेट झाली. म्हणजे ज्या शहरात ही चित्रपरंपरा होती तिथल्या लोकांनी महाराजांना पाहिले होते. ही चित्रे दख्खनच्या राज्यकर्त्यांच्या आणि सरदारांच्या मालिकांचा भाग म्हणून परदेशी गिऱ्हाइकांसाठी तयार झाली, आणि त्या गिऱ्हाइकाला कोण कोणता हे ओळखता यावे अशी अपेक्षा होती. वेगवेगळ्या संग्रहांत गेलेल्या चित्रांत नाक, दाढी आणि डोळे यांची ठेवण बऱ्याच अंशी जुळते. वजाबाजूही आहे. अशा मालिका नमुन्यावरून पुनःपुन्हा उतरवल्या जात, त्यामुळे जुळणाऱ्या पाच चित्रांना पाच साक्षीदार समजता येत नाही. ती एकाच साक्षीदाराची पाच निवेदने असू शकतात. म्हणून मी त्यांना महाराजांच्या काळाला लागून असलेल्या चित्रपरंपरेची साक्ष म्हणेन, आणि ती कोणत्याही नंतरच्या चित्रापेक्षा वजनदार आहे.

नावाची पट्टी किती महत्त्वाची असते, हे महाराष्ट्राने स्वतः अनुभवले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले आणि पूजले जात होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी शोध घेऊन खरे चित्र पुढे आणले, तेव्हा तो घोळ मिटला. त्या जुन्या चित्राकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता आणि चित्रही चांगले होते. चूक होती ती चित्राखालच्या नावात, आणि नावातली चूक कितीही निरखून पाहिले तरी चित्रात दिसत नाही. ती दप्तरातच सापडते.

आपल्या प्रदर्शनासाठी एक सूचना करतो. महाराजांच्या चित्रांआधी मुलांना दोन गेंडे दाखवा, कारण तिथे कोणाची श्रद्धा गुंतलेली नाही आणि डोळे मोकळेपणाने काम करतात. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांना मिळालेला एक गेंडा लिस्बनला पोहोचला. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने तो कधीही पाहिला नाही. कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि एक रेखाटन यांच्या आधाराने त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. ते चित्र थक्क करणारे आहे. अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारख्या घड्या, पायांवर खवले, आणि मानेमागे एक जादा लहान शिंग. प्रत्येक रेषा इतक्या विश्वासाने काढली आहे की हा माणूस त्या जनावराला हात लावून आला असावा असे वाटते. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणून हाच छापला जात राहिला, त्या जादा शिंगासकट.

दुसरा गेंडा पुण्याचा. गंगाराम चिंतामण तांबट हे पेशवाईच्या अखेरच्या काळातले चित्रकार. पेशव्यांच्या दरबारातले इंग्रजांचे वकील, म्हणजे राजप्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात जी चित्रशाळा सुरू झाली तिच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्यांनी १७९० साली काढला. ड्यूररच्या चित्राचा थाट त्याला नाही. पण तांबटांच्या समोर जनावर उभे होते, आणि चित्रात एकच शिंग आहे, जिथे असते तिथेच.

मुलांना आधी विचारा की यांतला कोणता गेंडा अधिक जिवंत वाटतो, आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा. नंतर कोणी कोणाला पाहिले होते ते सांगा, आणि मग भारतीय गेंड्याचे छायाचित्र समोर ठेवून शिंगे मोजायला लावा. ड्यूररला सर्वाधिक मते पडतील असा माझा कयास आहे. त्यानंतर महाराजांची दोन्ही चित्रे आणा.

पट्ट्यांविषयी बोलायचे तर ‘खरे चित्र’ आणि ‘काल्पनिक चित्र’ असे शब्द मी टाळले असते. पहिल्याखाली ‘गोवळकोंडा परंपरा, सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, डच संग्रहातून’ असे लिहावे. दुसऱ्याखाली ‘चित्रकार जी. कांबळे, कोल्हापूर, विसावे शतक, शासनमान्य’ असे लिहावे, आणि कांबळे हे सिनेमाच्या पोस्टरांसाठीही नावाजलेले चित्रकार होते हेही जरूर नोंदवावे. दुरून, गर्दीतून, एका नजरेत माणूस भावला पाहिजे, ही त्या कामाची मागणी असते. आपल्या विद्यार्थिनीला त्या चित्रात जी जवळीक जाणवली, तिचा उगम शोधायचा असेल तर तो तिथून शोधायला सुरुवात करता येईल.

रंगपेटी

दफ्तरखाना यांच्या सूचनेत एकच भर घालतो. गेंड्यांची चित्रे दाखवून झाल्यावर मुलांना दोन्ही गेंडे उतरवायला सांगा. ड्यूररचा गेंडा उतरवताना मुले चिलखताचे पत्रे मोजत बसतात आणि तांबटांचा उतरवताना पोटाचा भार पायांवर कसा आला आहे ते पाहत राहतात. हाताने उतरवल्याशिवाय हा फरक डोळ्यांना सापडत नाही. वर्गात तास अपुरा पडला तर एक तास चित्रकलेच्या बाईंकडून मागून घ्या.